तपास कुणाच्या नावावर?

पालघरच्या डोंगरातल्या जव्हार-मोखाड्याला बदली म्हणजे शिक्षा, असं पोलीस खात्यात सर्रास मानतात. कुणाचं वरिष्ठांशी वाजलं, कुणावर ठपका आला, की तो घाट चढून वर येतो आणि आल्या दिवसापासून खाली उतरायच्या खटपटीला लागतो. माझं तसं नव्हतं. माहेर विक्रमगडकडचं, नवरा जव्हारच्या एसटी आगारात कंडक्टर, त्यामुळे मला जव्हार हवंच होतं. तरीही पहिल्यांदा मागितलं तेव्हा मिळालं नाही. "तिकडे बाईमाणसाला क्वार्टर नाही, रात्री-अपरात्री पाड्यांवर जावं लागतं, तुमच्या भल्यासाठीच सांगतोय," असं तेव्हाचे एक वरिष्ठ म्हणाले. त्यांच्या मनात खोट नव्हती. ते खरोखर काळजीनेच बोलत होते. पुढे नोकरीत ज्या ज्या गोष्टींनी मला अडवलं त्यातल्या बऱ्याचशा अशाच काळजीच्या सुरात आल्या, म्हणून हे आधी सांगितलं.

मी भरती झाले नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. १९९४ मध्ये राज्याने महिला धोरण आणलं, सरकारी नोकऱ्यांत बायकांसाठी ३० टक्के जागा राखल्या, आणि त्या वाटेने माझ्यासारख्या पाड्या-खेड्यांतल्या मुली खाकीत आल्या. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता. तो १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. तोवर आम्ही ठाणे ग्रामीणचे. या वरच्या पट्ट्यातल्या ठाण्यांत मी काम केलं, मधली काही वर्षं खाली किनाऱ्याकडेही होते, आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. कुठली गोष्ट कुठल्या ठाण्यातली ते लिहीत नाही. त्यातली काही माणसं अजून नोकरीत आहेत, आणि ठाणं बदललं म्हणून गोष्ट बदलत होती असंही नाही.

कायद्याला पावलोपावली पोलीस ठाण्यात बाई लागते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवाद करायचा तर महिला अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी हवी. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. बलात्काराच्या फिर्यादीत पीडितेचा जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा. १४ नोव्हेंबर २०१२ ला बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा लागू झाला, त्यात लहान मुलाचा किंवा मुलीचा जबाब शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, मुलाच्या घरी जाऊन, अंगावर वर्दी न ठेवता घ्यायचा असं सांगितलं आहे. १ जुलै २०२४ ला फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी अटकेच्या आणि झडतीच्या या तरतुदी राहिल्या. कागदावर पाहिलं तर बाईशिवाय ठाण्याचं पान हलत नाही.

आणि तरी ती हवी असते फक्त हजर राहायला. झडती तिने घ्यायची, पीडितेशेजारी रात्रभर तिने बसायचं, बाईचं प्रेत तिने बघायचं, आरोपी बाईला घेऊन कोर्टात तिने जायचं. गुन्ह्याचा तपास मात्र दुसऱ्याकडे. स्टेशन डायरीत तपासी अंमलदाराचं नाव, त्याच्यापुढे "सोबत एक महिला पोलीस शिपाई". तिचं नावही कित्येकदा नसायचं. माझ्या नोकरीचं सगळं दुखणं या एका ठिकाणी आहे. संडास, क्वार्टर, ड्युटीचे तास, टोमणे यांबद्दल महिला पोलिसांविषयी बरंच लिहून येतं आणि ते खरंही असतं. पण काम वाटून देताना जो भेद होतो त्याकडे कुणी बघत नाही, आणि बाकीचे भेद त्यातूनच फुटतात असं माझं मत आहे.

एक प्रसंग सांगते. पावसाळ्याचे दिवस, एका पाड्यावर नवी सून विहिरीत सापडली. लग्नाला सात वर्षं झालेली नसली तर अशा मृत्यूचा इन्क्वेस्ट, म्हणजे मरणोत्तर पंचनामा, तहसीलदारांसमोर होतो. तहसीलदार आले, हवालदार आले, पंच म्हणून पाड्यावरच्याच दोन बाया आणि दोन बाप्ये. गाडी नाल्याच्या अलीकडे ठेवून आम्ही चिखलातून वर गेलो. प्रेत पडवीत ठेवलेलं. दोन बायांनी घोंगडी आडवी धरली आणि तिच्या आत मी एकटी. बाहेर पुरुष पाठ करून उभे. मी टॉर्च धरून एकेक गोष्ट मोठ्याने सांगायची आणि हवालदारांनी बाहेर पॅडवर लिहायची. केस, कान, तोंडाला फेस, नखांत माती आहे का, बांगड्या किती शाबूत. डाव्या दंडावर आतल्या बाजूला चार बोटांचे वळ होते आणि मागच्या बाजूला अंगठ्याचा. पाण्यात राहिल्याने कातडी पांढरी पडली होती, म्हणून ते पटकन दिसत नव्हते. मी पदराने पुसून पुन्हा पाहिले, पुन्हा सांगितले. हवालदार म्हणाले, "नक्की का?" मी म्हटलं, "लिहा."

त्या वळांवरून पुढे तपासाची दिशा बदलली. पतंगशहा कुटीर रुग्णालयात शवविच्छेदन झालं, अकस्मात मृत्यूच्या नोंदीचा गुन्हा झाला, अटक झाली. मासिक बैठकीत त्या तपासाचं कौतुक झालं, हवालदारांना बक्षीस मिळालं, सेवापुस्तकात नोंद झाली. माझं नाव त्यात नव्हतं. हवालदार सरळ माणूस होता. त्याने स्वतः साहेबांना सांगितलं की खुणा ताईंनी काढल्या. साहेब म्हणाले, "हो, पण तपास तुमच्याकडे होता ना." नियमाने बरोबरच होतं. तपास ज्याच्याकडे, बक्षीस त्याला. माझ्याकडे तपास कधी येणार, हा प्रश्न मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारला आणि पुढे विचारतच राहिले.

उत्तरं ठरलेली असायची. तुम्हाला रात्री फिरता येणार नाही. आरोपी पळाला तर धावणार कोण? गुजरात हद्दीत आरोपी शोधायला जायचं तर लॉजवर तुम्ही कुठे राहणार? लहान मूल आहे ना घरी, कशाला डोक्याला ताप. मग मला मिळायचं काय, तर मुद्देमाल कारकुनाच्या हाताखाली नोंदी, बिनतारी, संगणकावर एफआयआर भरणं, पासपोर्टची पडताळणी, आणि कुठेही बाई सापडली, हरवली, मेली, पळाली की हाक. सगळी कामं गरजेची आहेत, कुठलंही काम मी हलकं मानत नाही. पण पोलिसाचा दर्जा तपासाने ठरतो, हे खात्यातला शिपाईसुद्धा जाणतो. कोर्टात साक्षीला उभं राहून उलटतपासणी झेलली की माणूस तयार होतो. दोषारोपपत्र स्वतः बांधलं, कलम चुकलं म्हणून सरकारी वकिलांकडून बोलणी खाल्ली, की पुढचं चुकत नाही. हे शिक्षण ज्याला मिळतच नाही, त्याच्या वार्षिक गोपनीय अहवालात काय लिहिणार? माझ्या अहवालांत वर्षानुवर्षं "कामात तत्पर, वर्तणूक चांगली" अशा ओळी होत्या. तपासाचं कौशल्य या रकान्यात "साधारण". ज्यांनी मला तपास दिला नाही तेच तो रकाना भरत होते.

पुढे फार उशिरा, २०२१ मध्ये, मी एका बातमीत वाचलं की लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयात हीच तक्रार मांडली आहे. नितिशा विरुद्ध भारत सरकार, निकाल २५ मार्च २०२१ चा. बायकांना कायमस्वरूपी कमिशन द्यायचं तर त्यांचे जुने गोपनीय अहवाल बघा, असं लष्कर म्हणत होतं. पण ते अहवाल लिहिले गेले तेव्हा या बायका पुढे राहणारच नाहीत असं धरलं होतं, त्यामुळे लिहिणाऱ्यांनी ते मनावर घेऊन लिहिले नव्हते, आणि ज्या अभ्यासक्रमांनी, ज्या नेमणुकांनी गुण वाढतात त्या बायकांच्या वाट्याला आल्याच नव्हत्या. शारीरिक क्षमतेची जी कसोटी पुरुषांनी ऐन तारुण्यात दिलेली, ती बायकांना चाळिशी-पन्नाशीत द्यायला लावली होती. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. वरवर सगळ्यांना एकच नियम, पण तो नियम ज्यांना कधी संधीच मिळाली नाही त्यांना बाहेर ठेवतो. मी ती बातमी दोनदा वाचली. कर्नल-मेजर दर्जाच्या, शिकल्या-सवरलेल्या बायका आणि आमच्या पाड्यांत चिखल तुडवणारी शिपाई बाई, दोघींचा कागद एकाच पद्धतीने कोरा ठेवला होता.

त्याच्या आदल्या वर्षीचा, १७ फेब्रुवारी २०२० चा बबिता पुनिया खटल्याचा निकालही गाजला होता. त्यात सरकारतर्फे एक मुद्दा मांडला गेला होता की फौजेतले जवान बहुतेक ग्रामीण भागातले, तिथल्या रीतीभातीत वाढलेले, बाईचा हुकूम मानायला त्यांच्या मनाची अजून तयारी झालेली नाही. न्यायालयाने हा मुद्दा झिडकारला. मला मात्र त्यात जास्त लागलं ते "ग्रामीण" म्हणून आमच्या माणसांवर टाकलेलं खापर. जव्हार-मोखाड्याहून ग्रामीण आणखी काय असतं? इथे वारली लग्न धवलेरी लावते. बाई असते ती. तिने गाणं म्हणून विधी पुरे केल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही, आणि मोठमोठे बाप्ये तिच्यापुढे मुकाट बसतात. १९४५ साली डहाणू-तलासरीकडच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला तेव्हा ते गोदावरी परुळेकरांच्या मागे गेले, त्यांना गोदाराणी म्हणाले. बाईचं ऐकायचं नाही हे या डोंगरातल्या माणसाने कधी ठरवलं होतं?

माझा अनुभवही तसाच आहे, आणि तो मला सविस्तर सांगायचा आहे, कारण माझ्या नोकरीतला चांगला काळ तोच.

एक अधिकारी आले. तरुण होते, बोलायला थोडे तुटक. ड्युटीचा तक्ता बघता बघता त्यांनी विचारलं, "या बाईंना बीट का नाही?" कुणी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला डोंगरातले काही पाडे धरून एक बीट लावून दिलं. सोबत एक शिपाई. मोटारसायकल मला येत होती, नवऱ्याने लग्नानंतर शिकवली होती. पहिल्या आठवड्यात पाड्यांवर लोक जरा बघत राहिले. पोलीस पाटील म्हणाले, "साहेब नाय आले?" मी म्हटलं, "आजपासून मीच." त्यांनी खाट टाकली, पाणी आणून दिलं आणि जमिनीच्या भांडणाचं सांगायला सुरुवात केली. एवढ्यावर विषय संपला. माझा हुकूम मानायचा की नाही याची चर्चा पाड्यावर कधी झाली नाही. ती चर्चा झाली ठाण्यात, चहाच्या टपरीवर, आणि ती बरेच दिवस चालली.

बीट मिळाल्यावर मला जे कळायला लागलं ते त्याआधी ठाण्यात बसून कधीच कळलं नसतं. दिवाळीनंतर इथली घरंच्या घरं भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो, ज्या दिवसांत घरात दाणा नसतो आणि कुणाचं तरी औषधपाणी असतं. मग ती उचल फिटेस्तोवर माणूस बांधला गेला. हे सगळ्यांना माहीत आहे. पण भट्टीवर गेलेल्या मुलींचं काय होतं हे बाप्ये सांगत नाहीत. ते मला बायांनी सांगितलं, पाणवठ्यावर, लाकडं फोडताना, एकदा तर नाचणीच्या लावणीत. मी मोटारसायकल उभी करून बांधावर बसायचे. एका बाईने बरंच इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर खाली बघत म्हटलं, "बाय, माझी पोर होळीला आली नाय." होळीला इथला माणूस काहीही करून घरी येतो. मुंबईला असो की भट्टीवर, होळीला पाड्यावर. न येणं म्हणजे काहीतरी बिघडलं. तिने हे नवऱ्याला, पोलीस पाटलाला, कुणालाच फिर्याद म्हणून सांगितलं नव्हतं, आणि ठाण्यात तर ती कधीच आली नसती.

ती मुलगी सापडली. कशी आणि कुठे ते लिहीत नाही, तिचं आता स्वतःचं आयुष्य आहे. एवढं सांगते की त्या गुन्ह्याचा तपास माझ्याकडे राहिला. दोषारोपपत्रातला माझा भाग मी माझ्या हाताने लिहिला, कोर्टात उलटतपासणी मी झेलली. आरोपीच्या वकिलाने विचारलं की तुम्ही याआधी किती तपास केलेत. आकडा सांगताना मला लाज वाटली, आणि ती माझी नव्हती. नोकरीला इतकी वर्षं झाल्यावर तो आकडा तेवढाच का होता, हे विचारायला मात्र कुणी वकील नव्हता.

पोक्सोच्या बाबतीत इथे एक वेगळीच अडचण आहे. मुलींची लग्नं लवकर होतात. सोळा-सतराची पोर बाळंतपणाला रुग्णालयात येते, डॉक्टर वय विचारतात, आणि कायद्याने त्यांना पोलिसांना कळवावंच लागतं. मग त्या पोरीच्या नवऱ्यावर गुन्हा. तोही वीस-बावीसचा, बाहेर पायरीवर डबा घेऊन बसलेला. अशा वेळी कॉटशेजारी बसवायला महिला शिपाई लागते. मी त्या कॉटशेजारी पुष्कळ बसले आहे. पोर विचारते, "त्याला का नेलं?" मी तिला काय सांगायचं? कायदा चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. लहान वयातल्या बाळंतपणात मेलेल्या पोरींच्या इन्क्वेस्टलाही मीच उभी राहिले आहे. पण ज्या बाईला त्या पोरीची भाषा येते, जी तिच्या आईला ओळखते, तिच्या मताला तपासात जागा असायला हवी. उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकारी त्या वेळी जवळपास नसत, दुसरीकडून बोलवाव्या लागत. त्या येईपर्यंत कित्येक तास जायचे. आल्यावर त्या प्रमाण मराठीत विचारायच्या, पोर गप्प. मग मी मधे बसून वारलीतून विचारायचं, उत्तर मराठीत सांगायचं, त्यांनी लिहायचं. त्या अधिकाऱ्यांचा काही दोष नाही, घाट चढून दमून आलेल्या असायच्या. पण भरतीत आदिवासी पट्ट्यातून आलेल्या शिपाई मुलींना खात्याची परीक्षा देऊन उपनिरीक्षक व्हायला ठरवून मदत केली असती, त्यासाठी अभ्यासाला रजा दिली असती, तर या डोंगराला आपल्या भाषेच्या अधिकारी कधीच मिळाल्या असत्या. रजा मागितली की बंदोबस्त लागायचा.

बंदोबस्ताचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळीकडे सारखं आहे. वनपट्ट्यांसाठी मोर्चा निघाला की पुढे आदिवासी बाया, म्हणून बंदोबस्ताच्या पुढच्या रांगेत आम्ही. होळीनंतर बोहाडे सुरू होतात, रात्रभर सोंगं नाचतात, तिथेही रात्रभर उभं राहायचं. आपण ज्या पाड्यांत फिरतो त्याच पाड्यांतल्या बाया समोर असायच्या. एकमेकींना ओळखायचो, डोळ्यांनीच विचारपूस व्हायची. संडासाची सोय नाही म्हणून सकाळपासून पाणी प्यायचं नाही, ही सवय प्रत्येकीला. त्यातून मूत्रमार्गाचे आजार, मूतखडे. पाळीच्या दिवसांत काय होतं हे बायांना सांगायला नको, आणि बाप्यांनी कधी विचारलं नाही. पोटुशी असताना मी लॉकअपचा गार्ड केला आहे. रजेवरून परत आल्यावर "सहा महिने बसून आली" हे ऐकलं आहे. यावर आणखी लिहीत नाही.

तासांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे आणि ते माझ्या बऱ्याच मैत्रिणींना पटत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये तेव्हाचे पोलीस महासंचालक संजय पांडे यांनी महिला अंमलदारांची ड्युटी बारा तासांवरून आठ तासांवर आणायचा आदेश काढला. आधी काही ठिकाणी प्रयोग म्हणून, मग राज्यभर. हेतू चांगला होता, घरचं आणि दारचं दोन्ही ओढणाऱ्या बाईला श्वास मिळाला. पण बीट वाटताना लगेच नवं कारण तयार झालं: "आठ तासांची माणसं, त्यांना तपास कसा देणार?" ज्या दाराने सवलत आली त्याच दाराने तपास बाहेर गेला. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात एका पोलीस शिपायाच्याच सूचनेवरून आठ तासांची पाळी सगळ्यांसाठी सुरू झाली होती, ती दिशा बरोबर होती. पुरुष पोलिसालाही घर आहे, त्यालाही रक्तदाब आहे. आठ तास करायचे तर सगळ्यांना करा. फक्त बाईला केले की ती पुन्हा अर्धी पोलीस ठरते.

आणि ज्यांना खात्यातच त्रास झाला त्यांचं काय? विशाखा निकाल १९९७ चा, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. तक्रार समिती कागदावर असतेच. पण लहान तालुक्यात तक्रार अर्ज ज्या टेबलावरून वर जायचा ते टेबल बऱ्याचदा त्याच माणसाच्या खोलीत असतं. २०१६ मध्ये नवी मुंबईतून सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे नाहीशा झाल्या. त्यांचा खून केल्याबद्दल त्यांच्याच खात्यातल्या एका वरिष्ठ पोलीस निरीक्षकाला जन्मठेप व्हायला २०२५ उजाडलं. अटकसुद्धा २०१७ च्या डिसेंबरात झाली. त्या सगळ्या वर्षांत आम्ही बायका ही बातमी एकमेकींना पाठवत होतो आणि फार काही बोलत नव्हतो. अधिकारी बाईच्या शोधाला इतका वेळ लागतो, तर शिपाई बाईने कुणावर भरवसा ठेवायचा, हे प्रत्येकीच्या मनात होतं.

जानेवारी २०२४ मध्ये रश्मी शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. त्याआधी मीरां बोरवणकर पुण्याच्या पहिल्या महिला पोलीस आयुक्त झाल्या होत्या. मला त्याचा अभिमान वाटला, आजही वाटतो. पण वरच्या खुर्चीत बाई बसली म्हणून तालुक्याच्या ठाण्यात ड्युटीचा तक्ता बदलत नाही. तक्ता बदलतो तो ठाण्याचा प्रमुख ठरवेल तेव्हा. माझ्या बाबतीत एका माणसाने एका दिवशी बदलला, त्याला ना शासन निर्णय लागला ना निधी. ते अधिकारी बदलून गेल्यावर नव्या साहेबांनी माझं बीट काढून घेतलं, तेही एका दिवसात. "आता वय झालं तुमचं, आराम करा," म्हणाले. पुन्हा तीच काळजी. पाड्यावरच्या बाया नंतर बाजाराच्या दिवशी मला रस्त्यात गाठून सांगायच्या, मी लिहून घ्यायचे आणि बीटवरच्या नव्या हवालदारांना द्यायचे. त्यातलं काही पुढे गेलं, बरंचसं गेलं नाही.

आता निवृत्तीनंतर मी जव्हारला सकाळी मैदानावर मुलींचा सराव घेते. बहुतेक आश्रमशाळांतून बारावी झालेल्या. पोलीस भरतीला मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. आमच्या मुली धावतात चांगल्या, डोंगर चढ-उतार करून फुप्फुसं तयार असतात. अडतात गोळ्याला, कारण पोटभर खाल्लेलं नसतं. अंडी आणि शेंगदाण्याची सोय काही जणांनी केली आहे. हल्ली त्यातल्या एक-दोघी खडकवासल्याचं विचारतात. तिथल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुली जातात, ३० मे २०२५ ला पहिल्या तुकडीतल्या १७ जणी बाहेर पडल्या. मी त्यांना गणित पक्कं करायला सांगते. ज्या पोलिसांत जातील त्यांना मी पहिल्या दिवसापासून तीन गोष्टी करायला सांगते: मोटारसायकल शिका, तुम्ही घेतलेल्या प्रत्येक जबाबाची, केलेल्या प्रत्येक झडतीची नोंद तुमच्या नावानिशी डायरीत घालायला लावा, आणि बीट मागा. लेखी मागा. नाकारलं तर तेही लेखी मागा.

देशभरातल्या पोलीस दलात बायका अजून १२ टक्क्यांच्या आसपासच आहेत. केंद्र सरकार राज्यांना ३३ टक्क्यांचा सल्ला कित्येक वर्षं देत आलं आहे. भरती वाढेल, वाढायलाच हवी. पण भरती झालेल्या मुलींना तपासाला बसवणार की कॉटशेजारी, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक ठाण्यात किती गुन्ह्यांचे तपास महिला अंमलदारांकडे आहेत आणि किती बीट त्यांच्याकडे आहेत, हा आकडा जिल्ह्याच्या मासिक बैठकीत दर महिन्याला वाचला जावा. वाचला गेला की विचारला जाईल.

आणि वाचणाऱ्यांना एक विनंती. कधी ठाण्याची पायरी चढायची वेळ आली, आणि टेबलाच्या पलीकडे बाई बसलेली दिसली, तर "साहेब कुठे आहेत?" असं विचारू नका. तुमची फिर्याद तिला सांगा, आणि तपास तिच्याकडेच राहू द्या असं म्हणा.